कलमं किती मेली, ते कोण सांगणार?

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात एका निवृत्त मुख्याध्यापकांचं पत्र आलं होतं. मोबाइलवर बघून शिकलेली विद्या ही विद्याच नव्हे, गुरूशिवाय हात घडत नाही, हल्ली जो तो दहा मिनिटांचा व्हिडिओ बघून कारागीर होतो, असा पत्राचा सूर होता. गुरुजींबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, त्या दहा मिनिटांच्या कारागिरांपैकी मी एक. एसटीत ३१ वर्षं वाहकाची नोकरी केली, मे २०१९ला निवृत्त झालो आणि साठीला आंब्याची कोय कलमं, म्हणजे कोयीतून नुकत्या उगवलेल्या रोपावर हव्या त्या झाडाची काडी जोडून केलेली कलमं, बांधायला शिकलो, तेही मोबाइलवरून. तक्रार मलाही करायची आहे, पण ती गुरुजींची तक्रार नव्हे.

आधी झाडाचं सांगतो, नाहीतर बाकीचं कळणार नाही.

१६ मे २०२१, रविवार. तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याला घासत वर सरकत होतं. आमचं गाव लांजा तालुक्यात, समुद्रापासून बरंच आत, तरी वाऱ्याने घरावरचे कोने, म्हणजे आढ्यावरची कौलं, उडाले आणि विहिरीच्या वाटेवरचा हापूस आडवा झाला. बाबांनी तो १९७८ साली लावला होता. तेव्हा मी सतरा वर्षांचा. रत्नागिरीहून एसटीच्या टपावर कुंडीसकट आणलेलं ते भेट कलम. भेट कलम म्हणजे काय ते नव्या मंडळींना सांगायला हवं. खुंटाचं, म्हणजे ज्याच्या मुळांवर कलम वाढणार ते साधं रायवळ रोप कुंडीत घ्यायचं, मोठ्या झाडाला माच बांधून कुंडी फांदीपर्यंत वर चढवायची, रोपाची आणि फांदीची साल तासून दोन्ही एकमेकांना बांधायची आणि दोन-तीन महिने तशीच ठेवायची. सांधा जुळेपर्यंत फांदीला मूळ झाडाचं पाणी मिळत राहतं. काम खात्रीचं, पण खटपटीचं. एका झाडावर कुंड्या टांगणार किती?

हापूसची कोय पुरून हापूस येत नाही, हे कोकणात पोरासोरांनाही ठाऊक असतं. त्याच्या कोयीतून एकच रोप निघतं आणि ते दोन झाडांच्या संकरातलं, त्यामुळे फळ कसं येईल याचा नेम नाही. दक्षिणेतल्या ओलूर, वेल्लाईकोलंबन अशा जातींच्या एका कोयीतून दोन-चार रोपं येतात आणि ती बहुतेक आईवर जातात. आपल्या हापूसचं तसं नाही. त्याचं झाड हवं तर त्याची काडीच बांधावी लागते.

रोपवाटिकेत हापूसची कलमं मिळतात, मग एवढा आटापिटा कशाला, असं आमच्या मंडळींनीही विचारलं. पण ते बाबांचं झाड नव्हे ना. आमच्या त्या झाडाच्या आंब्यात साका फार कमी निघायचा. साका म्हणजे आंबा बाहेरून सुरेख आणि कापल्यावर आत पांढुरका, आंबट, स्पंजासारखा गर. हापूसला लागलेली ही जुनी पीडा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९८१मध्ये रत्ना आणि १९९२मध्ये सिंधू या जाती आणल्या, त्या दोन्हींत साका नसतो. चवीला मात्र आमच्या घरी अजून हापूसच लागतो. आमच्या झाडाला साका कमी हे जमिनीमुळे, सावलीमुळे की आमच्या मायेमुळे, हा वाद नातेवाइकांत चालू असतो. त्यात मी पडत नाही.

तर झाड आडवं झालं, पण मेलं नाही. एका बाजूची मुळं मातीत होती, पानं हिरवी होती. तोडायला आलेल्या माणसाला मी परत पाठवलं. विहिरीची वाट वळवली. आमची मंडळी दोन पावसाळे कळशी घेऊन त्या झाडाला वळसा घालत होत्या आणि प्रत्येक वळशाला मला काहीतरी ऐकवत होत्या, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता गुरूचं. आमच्या शेजारच्या वाडीत कलमं बांधणारे एक वयस्क गृहस्थ आहेत. हात इतका चपळ, की एका काडीला मिनिटभरही लागत नाही. मी त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, दादा, बघायला येऊ का? म्हणाले, ये की, चहाला ये. गेलो. चहा झाला, पावसापाण्याच्या गप्पा झाल्या, माझ्या जुन्या गाडीच्या वेळापत्रकाची चौकशी झाली, पण चाकू काही बाहेर निघाला नाही. दुसऱ्यांदा गेलो तर पाठ करून बसलेले. तिसऱ्यांदा मीच गेलो नाही. त्यांना मी दोष देत नाही. त्या चाकूवर त्यांनी दोन मुली उजवल्या. उद्या वाडीतला प्रत्येक जण कलम बांधायला लागला तर त्यांना कोण बोलावणार? मुख्याध्यापक महोदय, आम्हाला गुरू नव्हता असं नाही. होता. तो शिकवत नव्हता.

मोबाइलवरच्या माणसाने मात्र पाठ केली नाही. तो कुठला कोण, त्याने चाकू कॅमेऱ्यासमोर धरला, काडी फिरवून फिरवून दाखवली, एकदा चुकला तर हसून दुसरी घेतली. पुण्याच्या सूनबाईंनी मला फोनवरून वेग निम्मा करायला शिकवलं. आमच्या घरात रेंज येत नाही, सड्यावर, म्हणजे वरच्या कातळमाळावर, जावं लागतं. रोज संध्याकाळी छत्री घेऊन सड्यावर उभा राहून मी एकच व्हिडिओ निम्म्या वेगाने बघत असे. गुरं घेऊन परतणारी पोरं विचारायची, आजोबा, कुठला पिक्चर? एवढ्या वेळा तीच गोष्ट दाखवायला कुठला गुरू तयार झाला असता? मी ३१ वर्षं लोकांना सुट्टे पैसे द्या म्हणून सांगितलं आहे. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगताना माणसाचा आवाज कसा होतो, ते मला चांगलं माहीत आहे.

आणि हे माझ्या एकट्याचं नाही. आमच्या वाडीतली एक मुलगी ब्लाउजच्या गळ्याला पायपिंग लावायला अशीच शिकली. आता गणपतीच्या आधी तिच्याकडे कापडांचा ढीग असतो. एक पोरगा मोटारसायकलची चेन आणि चक्र बदलतो. आमच्या मंडळींनी कुकरमध्ये मीठ घालून नानकटाई केली. पहिल्या दिवशी झाकणाची रिंग आणि शिट्टी काढायची राहिली होती, ते शेजारणीच्या लक्षात आलं म्हणून बरं. तेव्हा दहा मिनिटांचे कारागीर म्हणून हिणवू नका, एवढं म्हणून पुढे जातो.

आता माझी तक्रार.

२०२१च्या जूनमध्ये मी ४२ कोयींवर काड्या बांधल्या. जगलं एकही नाही. जुलैच्या शेवटी आणखी ३० बांधली. त्यातली ११ फुटली, तांबूस पालवी आली. मी सूनबाईंना फोटो पाठवले, मंडळींनी देवापुढे साखर ठेवली. पंधरा दिवसांत ती पालवी एकेक करून काळी पडली आणि गळली. राहिलं एक. म्हणजे ७२ बांधून एक. एसटीत असा धंदा आणला असता तर डेपो मॅनेजरने केबिनमध्ये बोलावून घेतलं असतं.

कुठे चुकलं, हे मला कोणत्याही व्हिडिओने सांगितलं नाही. शोधत बसलो, त्याला वर्ष गेलं. जे सापडलं ते लिहितो, कुणाच्या उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट म्हणजे मी दोन पद्धतींची खिचडी केली होती. कोय कलमाला रोप अगदी कोवळं लागतं. उगवून दहा-पंधरा दिवस झालेलं, पानं अजून तांब्याच्या रंगाची, खाली कोय चिकटलेली. ते कोयीसकट उपटायचं, कोयीपासून चार बोटांवर शेंडा छाटायचा, देठात उभी चीर द्यायची, काडीला पाचरीसारखा आकार देऊन चिरेत बसवायची, प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचं आणि मग पिशवीत लावायचं. मृदकाष्ठ कलम ही निराळी गोष्ट. तिथे रोप जुनं चालतं, जागेवर वाढलेलं चालतं, बांधायचं ते त्याच्या वरच्या कोवळ्या फुटीवर. दोन्हींच्या व्हिडिओंना नाव एकच, आंबा कलम करण्याची सोपी पद्धत. मी रोप एका व्हिडिओप्रमाणे घेतलं आणि छाटलं दुसऱ्याप्रमाणे. पानं हिरवी होऊन देठ कडक झालेल्या रोपांवर मी कोय कलम बांधत होतो. तिकीट राजापूरचं आणि बसलो देवरुखच्या गाडीत, तसा प्रकार.

दुसरी गोष्ट काडीची. कलम बांधण्याआधी आठ-दहा दिवस झाडावरच त्या काडीची पानं छाटून टाकायची, देठ तेवढे ठेवायचे. मग काडीचा रस डोळ्यांत जमतो, शेंड्याचा डोळा फुगतो आणि उरलेले देठ बोट लावलं की गळून पडतात. ते गळाले की काडी तयार. काडी तीन-चार महिन्यांची, पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब. हे सगळं मी बघितलेल्या व्हिडिओत नव्हतं असं म्हणणार नाही. एका वाक्यात होतं. ‘अशी तयार काडी घ्यायची,’ म्हणत त्या माणसाने टोपलीतून काडी उचलली. ती टोपलीत येण्याआधीचे दहा दिवस त्या ‘तयार’ या एका शब्दात होते. त्याच्या दृष्टीने त्यात सांगण्यासारखं काय? ज्याला येतं, त्याला ते दिसतच नाही. मीही नवीन वाहकाला शिकवताना ‘टप्पा आला की वे-बिल भरायचं’ म्हणायचो. वे-बिल म्हणजे वाहकाचा तिकिटांच्या हिशेबाचा कागद. टप्पा आला हे कशावरून ओळखायचं, ते सांगायला विसरायचो.

तिसरी गोष्ट प्लास्टिकच्या टोपीची. पोरांच्या पेप्सीची ती लांब नळी असते ना, बर्फाची, ती रिकामी करून बऱ्याच व्हिडिओंत काडीवर टोपीसारखी चढवतात. तोडलेल्या काडीला सांधा जुळेपर्यंत दोन-तीन आठवडे स्वतःच्याच पाण्यावर काढायचे असतात. भेट कलमाला वरून पाणी मिळत होतं, इथे ते तुटलेलं. म्हणून कोरड्या मुलखात काडी सुकू नये यासाठी टोपी. पण आमच्याकडे जुलैमध्ये हवेतच पाणी. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. माझ्या टोपीत पाणी साठलं, बुरशी धरली, सांध्यापासून काडी काळी झाली. तो व्हिडिओ करणारा माणूस चुकीचं सांगत नव्हता. त्याच्या गावात ते बरोबरच असणार. त्याचं गाव कुठलं आणि महिना कुठला, हे मात्र त्याने सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. आमच्या कोकणात कोय कलमाचे दिवस जून ते ऑगस्ट हे आहेतच, पण त्या दिवसांतही टोपी घालायची की नाही, हे गावच्या हवेवर ठरतं.

चौथी गोष्ट सांगताना मला अजून हसू येतं. मी डावखुरा. एसटीत पंच डाव्या हाताने मारायचो, लोक बघत राहायचे. व्हिडिओत समोर बसलेला माणूस उजव्या हाताने कापतो, तो मला आरशातल्यासारखा दिसतो, त्यामुळे त्याची नक्कल करणं मला उलट सोपं गेलं. बाकीच्यांचा डावा-उजवा गोंधळ होत असेल, माझा झाला नाही. मी खूश. पण पाचर काही सपाट निघेना. मधे पोट यायचं, चिरेत बसवली की दोन्ही बाजूंना फट राहायची. चाकूला धार नसेल म्हणून लांज्याच्या बाजारात आमच्या नेहमीच्या न्हाव्याकडे घेऊन गेलो. त्याने चाकू उजेडात धरून फिरवला आणि विचारलं, डाव्या हाताने धरता काय? म्हटलं, तुला कसं कळलं? तो म्हणाला, ह्याची धार एकाच अंगाला हाय, दुसरं अंग सपाट. उजव्या हातवाल्याचा हाय हा. कलम करायचे चाकू बहुतेक असेच असतात म्हणे. उजव्या हातात सपाट बाजू लाकडाकडे येते आणि काप सरळ जातो. डाव्या हातात नेमकं उलटं होतं आणि चाकू लाकडातून बाहेर निसटतो. त्याने दगडावर दुसऱ्या अंगाने घासून दिला. पैसे घेतले नाहीत, दाढी मात्र करून जा म्हणाला. जगात इतके डावखुरे आहेत, पण कलमाच्या एकाही व्हिडिओत मी हे ऐकलेलं नाही. व्हिडिओ करणारे उजवे, त्यांचाही दोष नाही.

या चारही गोष्टींपेक्षा मला जास्त टोचली ती पाचवी आणि संपादक महोदय, खरं पत्र तिच्यासाठीच आहे.

कलमाचे बहुतेक व्हिडिओ पालवी फुटली की संपतात. पट्टी बांधतात, मग संगीत वाजतं, पडद्यावर ‘२० दिवसांनंतर’ अशी अक्षरं येतात, तांबूस पालवीचं कलम दिसतं, धन्यवाद मित्रांनो. आता पालवी फुटणं म्हणजे कलम जगणं नव्हे. काडीत जमवलेला रस असतो, त्याच्या जोरावर डोळा फुटतो. खाली सांधा जुळलेला नसला तरी फुटतो. शिल्लक संपली की पालवी मान टाकते. माझ्या अकरापैकी दहांचं तेच झालं. आम्ही साखर ठेवली ती शिलकीवर. सांधा जुळला की नाही ते पहिली पानं निबर होऊन हिरवीगार झाली आणि त्यावर दुसरी फूट आली की कळतं. त्याला दोन-अडीच महिने जातात. तोवर खुंटाला खालून फुटलेले कोंब खुडत राहायचे, नाहीतर रायवळ वाढतो आणि हापूस उपाशी मरतो. हे दिवस व्हिडिओत नसतात. कारण त्यात बघण्यासारखं काही नसतं. आणि किती मेली, हे कुणीच सांगत नाही. ‘१०० टक्के यश’ हे शब्द मात्र पहिल्या चित्रावर पिवळ्या अक्षरांत असतात.

आम्हा वाहकांना एक शिस्त असायची. कागदी तिकिटांच्या काळात एखादं तिकीट चुकून फाटलं तर ते खिडकीतून फेकायचं नाही, ठेवायचं. प्रत्येक टप्प्याला तिकिटांचे बंद नंबर वे-बिलावर चढवायचे. मार्गावर तपासणीसाहेब चढले की ते पैसे नंतर मोजायचे, आधी वे-बिल बघायचे. फाटलेलं तिकीट जपून ठेवणारा वाहक चोर नसतो. चुकांचा हिशेब ठेवणाऱ्या माणसावर मी म्हणूनच विश्वास ठेवतो. मग तो मोबाइलवरचा असो की वाडीतला.

बघणाऱ्यांकडे एक बारीकसं साधन होतं. यूट्यूबवर व्हिडिओच्या खाली नापसंतीचा आकडा दिसायचा. हजार लोकांनी बघून तीनशे जणांनी अंगठा खाली केला असेल तर माणूस सावध व्हायचा. नोव्हेंबर २०२१मध्ये तो आकडा लोकांना दिसणं बंद झालं. व्हिडिओ बनवणाऱ्यांना ठरवून छळलं जाऊ नये, हे त्यामागचं कारण सांगितलं गेलं आणि ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण माझी कलमं मरत होती त्याच पावसाळ्यानंतर हे झालं, म्हणून लक्षात राहिलं. आता अंगठा खाली करता येतो, पण तो किती जणांनी केला ते फक्त व्हिडिओ टाकणाऱ्याला कळतं. मेलेल्या कलमांचा तेवढाच काय तो हिशेब आमच्या हातात होता.

२०२२च्या पावसाळ्यात मी शंभर पानी वही आणली आणि वे-बिलासारखे रकाने पाडले. कोयी किती पेरल्या, उगवल्या किती, बांधल्या किती, कुठल्या तारखेला, पाऊस होता की उघडीप, काडीचे देठ आपोआप गळाले होते का, विसाव्या दिवशी फुटलेली किती, साठाव्या दिवशी हिरवी किती, आणि मेलं असेल तर कुठून काळं पडलं, वरून की सांध्यातून. वरून सुकलं तर काडी कच्ची किंवा हवा कोरडी. सांध्यातून कुजलं तर पाणी शिरलं किंवा काप वाकडा. हे रकाने कुणी शिकवले नाहीत, नोकरीने शिकवले. त्या वर्षी ५० बांधली, २३ जगली. २०२३मध्ये ६० बांधली, ४१ जगली. शेजारच्या वाडीतल्या त्या दादांनी गेल्या वर्षी येऊन पाहिली. पिशव्यांमधून फिरले, एक-दोन सांध्यांवरून अंगठा फिरवला, काही बोलले नाहीत. जाताना म्हणाले, पट्टी खालून वर गुंडाळ मेल्या, पाणी आत जायचं नाही. कौलं कशी खालून वर चढवतात, तशी. तीन वर्षांत त्यांनी शिकवलेलं हे एकच वाक्य. पण ते एका वाक्याला तयार झाले, कारण माझ्याकडे दाखवायला काहीतरी होतं. मोबाइल नसता तर मी त्या वाक्यापर्यंत पोचलोच नसतो. तेव्हा गुरुजींचं अर्धं म्हणणं मला मान्य. उरलेलं अर्धं त्यांनी पुन्हा तपासावं.

माझी मागणी फार मोठी नाही. जी मंडळी शिकवण्याचे व्हिडिओ करतात, कलमाचे असोत, शिलाईचे असोत की पंप दुरुस्तीचे, त्यांनी सुरुवातीला आपला तालुका आणि महिना सांगावा. डॉक्टर औषध देण्याआधी वय विचारतो, तसं. पद्धतीचं नाव सांगावं, ‘सोपी पद्धत’ हे नाव नव्हे. शेवटी एकदा बोलावं की मी इतकी केली, त्यातली इतकी गेली. नुसतं वाक्य नको, गेलेली दाखवावीत. मेलेलं कलम चिरून आतला सांधा दाखवला तर त्या दहा सेकंदांत जे शिकायला मिळेल, ते पालवीच्या संगीतात मिळत नाही. मी स्वतः चिरून पाहिली आहेत. जिथे दोन्ही साली एका रेषेत आल्या नव्हत्या, तिथे मधे तपकिरी रेघ दिसते. एका बाजूची तरी साल सालीला भिडली पाहिजे, ही गोष्ट मला मेलेल्या कलमांनी सांगितली.

कृषी विद्यापीठाकडे आणि कृषी विज्ञान केंद्रांकडे तर जाणकार माणसं आहेत. त्यांनी न कापलेला, जून ते सप्टेंबर असा अख्ख्या मोसमाचा, दर आठवड्याला त्याच शंभर पिशव्या दाखवणारा व्हिडिओ करावा. लोक बघणार नाहीत, असं कुणी म्हणेल. मी सड्यावर छत्रीत उभा राहून बघेन.

आणि संपादक महोदय, थोडं आपल्यालाही. आपल्या शेती पुरवणीत दर आठवड्याला यशोगाथा येते. वाचायला छान वाटतं. त्या शेतकऱ्याला एकदा विचारून छापा की पहिल्या दोन वर्षांत काय काय मेलं. तो सांगेल. कुणी विचारत नाही म्हणून सांगत नाही.

बाबांचं झाड गेल्या पावसाळ्यात अखेर वाळलं. काढलं. विहिरीची वाट पुन्हा सरळ झाली, तरी आमची मंडळी सवयीने अजून वळसा घालतात. त्या झाडाची ६५ कलमं जगली. त्यातली बहुतेक आज पडवीच्या बाजूला पिशव्यांत आणि परसात खड्ड्यांत उभी आहेत. पैकी २०२१चं ते एकुलतं कंबरेच्या वर आलं आहे, त्याला मोहर आला तर यंदा खुडून टाकीन, अजून लहान आहे. काही कलमं नात्यात दिली आहेत. एक मुख्याध्यापक महोदयांसाठी बाजूला काढून ठेवलं आहे. पिशवीवर बांधल्याची तारीख आहे, साठ दिवसांची हमी मी देतो.

यंदा ८० बांधली. उद्या नारळी पौर्णिमा, आज सकाळी मोजली तेव्हा ६३ हिरवी होती. हे पत्र छापून येईपर्यंत आकडा कमी झालेला असेल.

आपला नम्र,
एक निवृत्त वाहक,
ता. लांजा, जि. रत्नागिरी
१८ ऑगस्ट २०२४

(कृपया नाव छापू नये. वाडीतले दादा आपला पेपर वाचतात.)